आरसा वर जातो तेव्हा

वाल्दिव्हियात तीन दिवस पाऊस. पिकार्ते रस्त्यावरच्या दुकानात
मिर्ताबाईंनी काचेवर हिरवं फडकं अंथरलं
आणि दोन कॅमेरे ठेवले शेजारी शेजारी.
एक डीएसएलआर, जाडजूड, चांगले खांदे असलेला,
कुणीतरी वापरून विकलेला, पट्ट्याला अजून घामाचा वास.
दुसरा मिररलेस, नवाकोरा,
साबणाच्या मोठ्या वडीएवढा.

"घरच्यासाठीच ना?"
घरच्यासाठीच.
म्हणजे रायेनसाठी, जी सात वर्षांची आहे
आणि झोपेतसुद्धा एका जागी थांबत नाही.
म्हणजे एलियानासाठी, जिच्या पिशवीत आधीच
छत्री, औषधं, मुलीचा एक बूट, अर्धा पाव.
आणि एर्नाल्दोकाकांसाठी. ते माझा दंड धरून उभे होते,
कारण अर्धे पैसे त्यांचे,
पेन्शनचे, रबर लावून आणलेले.

"दाखव मला," ते म्हणाले.
साखरेनं त्यांचे डोळे नेले त्याला अकरा वर्षं झाली,
शब्द मात्र त्यांनी एकही बदलला नाही.

मोठा हातात दिला. भोपळा तोलावा तसा त्यांनी तोलला.
बटण दाबलं.
खटाक्.
"हा बोलतो."
मग छोटा. दाबलं.
"दाबलं का मी?"
"दाबलंत काका."
"मग?"

मिर्ताबाईंनी समजावलं, घाई न करता.
मोठ्यात आरसा असतो. मुलीच्या गालावरून निघालेला उजेड
आरशावर आपटून थेट तुमच्या डोळ्यात येतो, तोच उजेड, उसना नाही.
फक्त फोटो निघतो त्या क्षणी आरसा वर जातो
आणि तुम्हाला काळोख.
म्हणजे जे टिपलं, नेमकं तेच तुम्ही पाहिलेलं नसतं.
छोट्यात आरसाच नाही. एक बारीक पडदा दाखवत राहतो,
फोटो कसा येणार ते आधीच.

मला हे कळलं. मी काये-काये नदीवर बोट चालवतो.
धुक्यात रडार बघायचं की काच पुसून बाहेर बघायचं,
हा वाद रोज सकाळी माझा माझ्याशी होतो.
रडार चुकत नाही. पण बगळा उडालेला
रडारवर मला कधी दिसलेला नाही.

छोटा उचलून मी काकांकडे वळवला.
हिरवा चौकोन थोडा भटकला, नाकावरून गेला,
आणि त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसला, घट्ट.
डोळा सापडला, असं त्या यंत्राचं म्हणणं.
मी काही बोललो नाही. मिर्ताबाईही नाहीत.
बाहेर बस गेली, पाणी उडालं.

मी मनात मोठा घेतलाच होता, खरं सांगतो.
त्या खटाक् साठी. त्या क्षणभराच्या काळोखासाठी,
जो काकांना ओळखीचा वाटला असता.
तेवढ्यात एलियानानं छोटा उचलला,
बूट बाजूला सारला, पाव वर ठेवला,
कॅमेरा आत, चेन ओढली. लागली.
मोठा घेऊन बघितला. चेन अडली.
"जो घरी राहील तो काय फोटो काढणार?"
झालं. आरसा, उजेड, रडार, सगळं त्या चेनपाशी संपलं.

रविवारी कुखेन कापायच्या आधी टेबलाशी सगळे.
काका मान वर करून हसले. हसतच राहिले.
आवाज येईना. बॅटरीही तितक्यात मिणमिणली.
"काढला का रे?" गाल दुखायला लागले होते त्यांचे.
आठ फोटो झाले होते.

तेव्हापासून रायेन माझ्या कोपराशी उभी राहते
आणि मी बोट टेकवलं की जीभ टाळूला लावून करते:
टॉक्.
फक्त तिला धीर नाही. तिचं टॉक् जरा लवकर पडतं.
म्हणून आमच्याकडच्या प्रत्येक फोटोत
बाकी सगळे सरळ समोर बघताहेत,
आणि काकांचं हसून झालेलं आहे,
हात निघालाय कुखेनच्या ताटलीकडे,
बरोबर त्याच दिशेला.